मसुद्यावर हरकत

कायदा कुठे तयार होतो, असं कोणाही शिकलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, राजधानीत, मोठ्या दालनात, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांच्या हातून. मी तहसील कचेरीत वीसेक वर्षं काढली आहेत आणि माझं म्हणणं वेगळं आहे. राजधानीत कायदा नुसता लिहिला जातो. तयार तो बाजारात होतो, लिंबाखाली, हलगीच्या तिसऱ्या ठोक्यानंतर मी घसा साफ करून तोंड उघडतो तेव्हा. तोवर तो कागद.

हे जरा फुशारकीचं झालं. होऊ द्या. दिवाळी आहे, आणि पुढे माझी फजिती येणारच आहे.

कागदोपत्री मी मुतर्जिम, म्हणजे भाषांतर करणारा. लोक मुन्शीजी म्हणत. निजामी राज्यात सरकारची भाषा उर्दू, रयतेची मराठी, आणि दोहोंच्या मध्ये मी, पुलासारखा. पुलावरून सगळे जातात, पुलाला कोणी राम राम करत नाही. हैदराबादहून सरकारी जरीदा येई. जरीदा म्हणजे सरकारचं वर्तमानपत्र. त्यात बातमी नसे, नुसत्या आज्ञा. त्यातलं आमच्या तालुक्याला लागू असेल ते मी मराठीत उतरवी आणि हलगीवाल्या लखूला घेऊन बाजारोबाजारी पुकारत फिरे.

तरुणपणी दोन वर्षं मी एका नाटकमंडळीत होतो. तिथे मला भालदाराचं काम मिळे. "महाराज येत आहेत हो!" एवढंच वाक्य. मग महाराज येत आणि पुढचे चार तास तेच बोलत. ती उपासमार मी सरकारी नोकरीत भरून काढली. वसमतच्या बाजारात टोळधाडीची सूचना मी इतकी रंगवली की लोकांनी "पुन्हा एकदा" म्हणून ओरडा केला, आणि एक आजी घरी जाऊन कणगीवर गोधडी पांघरून बसली.

जरीद्यात तीन तऱ्हेचे कागद येत. हुकूम म्हणजे उद्यापासून असं करा. कायदा म्हणजे कायमचं असं करा. तिसरा कागद मात्र कोणालाच नीट कळत नसे. तो होता अजून न झालेला कायदा. कायदे करणाऱ्या सभेला तिकडे मजलिस म्हणत. मजलिस म्हणजे बैठक. त्या बैठकीत निम्मेअधिक सरकारी अंमलदार आणि सरकारने नेमलेले लोक, आणि थोडे जमीनदार, वकील अशा मोजक्या मंडळींनी निवडलेले. तिच्यापुढे कायदा आणायचा तर आधी त्याचा कच्चा कागद छापून रयतेला कळवायचा, की बाबांनो, कोणाला हरकत असेल तर अमुक मुदतीत लेखी द्या. मुदत संपली की सभेतले चारसहा जण वेगळे बसून एकेक कलम तपासत, हरकती वाचत, खोडत, घालत. मग तो कागद पुन्हा साऱ्या सभेपुढे, मग हात वर, आणि शेवटी राजाची सही.

माझ्या आधीचे मुन्शी या कागदाला "कच्चा खर्डा" म्हणत. मला तो शब्द ऐकला की शेळीने झाडपाला खाल्ल्यासारखं वाटे. खर्डा! मी त्याच्या जागी "मसुदा" आणला. काय घाटदार शब्द आहे! तोंड मिटून सुरू होतो आणि उघडं ठेवून संपतो. लिंबाखाली उभं राहून तो म्हटला की पाठीमागचे बैलसुद्धा मान वर करीत.

या शब्दानेच माझा घात केला.

डोंगरकड्याच्या बाजारात हळदीचा मोठा तराजू असे. तीन वाशांच्या घोडीला टांगलेला, एका पारड्यात लोखंडी मापं, दुसऱ्यात पोतं. तो तराजू मसूदभाई चालवी. पन्नाशीचा, उंच, किंचित वाकलेला माणूस. हिंदूचं पोतं असलं की पहिल्या तोलाला "लाभ" म्हणायचा, मुसलमानाचं असलं की "बरकत". एक हा आकडा त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. काटा थरथरत असेपर्यंत तो बोलत नसे. व्यापारी घाई करत, शेतकरी घाई करत, हा काट्याकडे पाहत उभा. गावातलं लहानथोर त्याला मसुद्या म्हणे. त्यात अपमान नव्हता. जिथे ज्ञानोबाचा ग्यान्या होतो तिथे मसूदचा मसुद्या व्हायचाच.

शहाण्या वाचकाला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नव्हतं.

चैत्राचे दिवस. हळद शिजून, वाळून बाजारात आलेली. बाजार पिवळा झालेला. महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, आणि सरकारची प्रत्येक दवंडी लोक धास्तीने ऐकत. लखूने हलगी वाजवली. मी तराजूशेजारच्या दगडावर चढलो, डावा हात छातीवर ठेवला आणि आवाज सोडला:

"ऐका हो ऐका! हळदीच्या आणि धान्याच्या तोलाविषयी मजलिसीपुढे आलेल्या मसुद्यावर ज्या कोणाची हरकत असेल, त्याने एका महिन्याच्या आत लेखी कळवावे हो!"

बाजार गप्प झाला. मी ती शांतता दाद समजून खिशात घातली. उर्दूत छापलेला कागद चावडीच्या भिंतीला डकवला. त्यात बारा कलमं होती. ती मी वाचून दाखवली नाहीत. ऊन चढलं होतं आणि पुढचा बाजार गाठायचा होता. खरं सांगायचं तर मी स्वतःही ती धड वाचली नव्हती. मथळा गाजवला, कलमं गिळली.

जाता जाता मागे वळून पाहिलं तर मसूदभाई हातातलं माप तसंच धरून उभा होता, आणि सगळा बाजार त्याच्याकडे पाहत होता. मला वाटलं, तोलाचा कायदा म्हणून पाहत असतील.

मुदत संपायला तीन दिवस उरले असताना पेशकारसाहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांनी, मला हाक मारली. चेहरा ईदच्या चंद्रासारखा.

"मुन्शीजी, कमाल! डोंगरकड्याचा कागद आला. आजवर कोणत्या गावानं मसुद्याची तारीफ केली होती का? मी सकाळच्या डाकेनं वर रिपोर्ट पाठवला: डोंगरकडा, हरकत नाही, रयत खूश. तुम्ही मूळ कागदाचा तर्जुमा करून द्या, तो मागून जाईल."

माझी छाती फुगली. कागद उघडला. देवनागरीत, शाळामास्तरच्या वळणदार अक्षरात पाच ओळी. खाली अंगठेच अंगठे. पहिले दहापंधरा शाईचे, मग गावातली दौत संपली असावी. पुढचे सगळे हळदीचे. पिवळे अंगठे, शंभरावर.

मी उर्दूत उतरवू लागलो.

"आम्ही डोंगरकड्याचे लोक लिहून देतो की, मसुद्यावर आमची काही हरकत नाही." उतरवलं.

"तो फार चांगला आहे." उतरवलं. वा!

"त्याने आजवर कोणाचे मूठभर कमी तोलले नाही."

टाक थांबला. मसुदा तोलतो? मी पुढची ओळ वाचली.

"त्याच्या बापानेही तोलले नाही."

मसुद्याला बाप? पाचवी ओळ:

"त्याच्या धाकटीचे लग्न औंदा आहे, तरी सरकारने त्याला तकलीफ देऊ नये."

घाम कपाळावर येतो असं नाटकात म्हणतात. मला तो पाठीवर आला. मी चावडीला डकवलेल्या कागदाची कचेरीतली प्रत काढली आणि महिनाभर उशिरा सगळी कलमं वाचली. सातव्या कलमाशी आलो. बाजारात तराजू धरणाऱ्याला तोलाची चिठ्ठी स्वतः उर्दूत लिहिता आली पाहिजे. ज्याला येत नसेल त्याने तराजू धरू नये.

मसूदभाई मराठी बोले, दखनी बोले, पण कागद त्याला चारही बाजूंनी सारखाच. हा कायदा झाला तर त्याचा तराजू जाणार. आणि तो होऊ नये म्हणून ज्यांनी ओरडायचं, त्या गावाने त्याच्यावरच्या मायेपोटी लिहून दिलं होतं की होऊ द्या, आमची हरकत नाही.

मी पेशकारसाहेबांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. "साहेब, रिपोर्ट परत मागवा."

"गेलेली डाक आणि गेलेली जवानी," ते म्हणाले. "आणि मुन्शीजी, वर काय लिहू? की आमच्या मुतर्जिमला मसुदा आणि मसूद यातला फरक लोकांना सांगता आला नाही?"

हे बरोबर लागलं. नोकरी माझीही होती.

"मुदतीत दुसरा कागद आला तर?"

त्यांनी चष्मा पुसला. "तर तोही कागदच. पण तो कमिटीच्या बैठकीआधी पोचला पाहिजे. डाकेनं पोचणार नाही."

हिंगोलीचे एक वकीलसाहेब त्या वेळी मजलिसीचे सभासद होते, आणि तोलाच्या मसुद्याच्या कमिटीवरही. परवा दुपारच्या गाडीने ते हैदराबादला निघणार, हे कचेरीत माहीत होतं. म्हणजे माझ्या हाती उद्याचा दिवस.

सकाळी पोस्टमास्तरांची सायकल मागून घेतली, लखूला हलगीविनाच मागे बसवलं आणि डोंगरकड्याचा रस्ता धरला. मनात भाषण तयार केलं होतं, थोडं हसतखेळत, थोडं दोष हलगीवर ढकलणारं. बाजारात पोचलो आणि ते भाषण तिथेच टाकून दिलं.

तराजूची दांडी फडक्याने बांधलेली होती. मसूदभाई शेजारी मांडी घालून बसलेला, हात गुडघ्यांवर. भोवती हळदीची पोती पडून.

"काहून हो मसूदभाई? तराजू बांधला?"

"तुमीच विचारून राहिले, मुन्शीजी?" तो वर न बघता म्हणाला. "सरकार ज्याच्यावर हरकत मागून राहिलं, त्याच्या हातात तराजू बराबर दिसते काय? मुदत होऊ द्या. मंग पाहू."

"महिनाभर बांधलाय? आणि कोणाला काही विचारलं नाही?"

"काय विचारू? माझ्यावर तुमची हरकत हाय का, म्हनून घरोघर फिरू? एकेकाच्या तोंडाकडं पाहतो अन् मनात येते, ह्यानं तर ल्हिलं नसंल? ज्याच्या हळदीचे पोते बापाच्या टायमापासून तोलले, त्याला राम राम करताना बी वाटते, ह्यानंच ल्हिलं." तो थांबला. "तकलीफ पोटाची न्हाई, मुन्शीजी. पोट भरतं कसं बी. ह्या डोळ्याची तकलीफ झाली."

गावाने कागद दिला होता हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटली असावी. चांगल्या माणसाला "तू चांगला आहेस असं लिहून दिलंय" हे कसं सांगायचं?

माझ्या आयुष्यात मी शेकडो दवंड्या दिल्या. त्या दिवशीची एकच हलगीविना दिली. त्याच दगडावर चढलो. लोक जमले. पुढे केवळाबाई. ही विधवा बाई, स्वतःची हळदीची शेती स्वतः करणारी, आणि पिवळे अंगठे घरोघर फिरून गोळा करणारी तीच, हे मला मास्तरांनी नंतर सांगितलं.

"मंडळी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मसुदा हा माणूस नाही. कागद आहे."

 मग केवळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे आमच्या मसुद्याचं कोनी नावच घेतलं न्हवतं?"

"नाही, मावशी."

"मंग कागद म्हनून सांगावं का न्हाई, मुडद्या! महिनाभर ह्या मानसाच्या घरी चूल कशी जळली, पाहिलं का तू? माझे सात पोते हितं पडून हायत. दुसऱ्याकडून तोलून घेऊ म्हनलं तर जीव धजंना."

हशा पिकला. मसूदभाईसुद्धा हसला, आणि फडक्याची गाठ सोडायला उठला. पण खरी बातमी अजून सांगायची होती.

"थांबा," मी म्हणालो. "हळद घरी कशी करता, सांगा."

"आता हळद शिकायला आला का?"

"सांगा तर."

"खंदायची, शिजवायची, वाळवायची, घोळायची. मंग बाजार."

"कायद्याचंही तेच. हा मसुदा म्हणजे आत्ता खणून काढलेली ओली हळद. सरकार विचारतंय, हिच्यात काही सडकं आहे का? तुम्ही सांगितलं तर कमिटी तेवढं काढील, शिजवील, घोळील. तुम्ही गप्प बसलात तर सडक्यासकट शिजेल. एकदा मजलिसीत हात वर झाले आणि राजाची सही पडली की झाली हळदीची पूड. पुडीतून सडकं हळकुंड निवडता येत नाही." मग मी सातवं कलम सांगितलं, सावकाश, अभिनय न करता. "आणि गावाने वर लिहून दिलंय की हिच्यात काहीच सडकं नाही."

मसूदभाईच्या हातात सुटलेलं फडकं होतं. तो मोठ्याने बोलला नाही, पण बाजाराने ऐकलं.

"महिनाभर मला वाटलं, गाव हरकत घेऊन राहिलं म्हनून मी जातो. आता कळलं, गावाची हरकत न्हाई म्हनून मी जातो."

पाटलांनी मास्तरांना बोलावलं. मी सांगितलं आणि मास्तरांनी लिहिलं: "मसुद्यावर आमची हरकत आहे." वाचून दाखवलं. दौत पुढे केली.

कोणी हात पुढे केला नाही.

"काय झालं?"

पाटील खाकरले. "मुन्शीजी, आमाला समदं समजलं. पर ह्या कागदावर काय ल्हिलंय ते पुन्यांदा वाचा."

"मसुद्यावर आमची..."

"बस! हात तोडला तरी मी ह्याच्यावर अंगठा देणार न्हाई," केवळाबाई म्हणाली. "उद्या हा कागद कुटं बी जाईल, कोनी बी वाचंल. माझ्या नातवानं वाचला तर? म्हनंल, आजी अशी होती."

मी समजावलं, हात जोडले, नाटकातला आवाज लावला, रडवा सूर काढला. ऊन कलत होतं. हिंगोली लांब, गाडी उद्या दुपारची, आणि इथे शंभर माणसं एका अक्षरावर अडून बसलेली. मला संताप आला. आज वाटतं, कागद न वाचता हात वर करणारे मोठ्या दालनांत पुष्कळ भेटतात. एकेका शब्दासाठी अंगठा रोखून धरणारी सभा मी त्या बाजारातच पाहिली.

शेवटी लखू हलगीवाला मागून म्हणाला, "मुन्शीजी, ते पयले मुन्शी काय म्हनायचे वो? खर्डा का काय?"

कच्चा खर्डा! ज्या शब्दाला मी बाजारातून हाकलला होता, तो लखूने परत आणला. मी मास्तरांकडून नवा कागद लिहवून घेतला: "तोलाच्या कायद्याच्या कच्च्या खर्ड्यातल्या सातव्या कलमावर आमची हरकत आहे." पहिला अंगठा मसूदभाईने दिला. मग रांग लागली. दौत पुन्हा संपली, हळद होतीच.

पाटलांनी आपली दमणी जुंपून दिली. कळमनुरीपर्यंत दमणीत, तिथे मुक्काम, पुढे सकाळी एका मालवाहू लॉरीत सरकीच्या पोत्यांवर बसून मी हिंगोली गाठली. स्टेशनात पोचलो तेव्हा इंजिन पाणी घेत होतं. वकीलसाहेब डब्याच्या दारात उभे. मी अंगावर सरकी, कपड्यांवर हळद, हातात दोन कागद, असा त्यांच्यापुढे गेलो आणि एका दमात सगळं ओकलो.

त्यांनी दोन्ही कागद वाचले. पहिला वाचताना मिशीत हसले, दुसरा वाचताना गंभीर झाले.

"मुन्शीजी, हे कलम मी पाडू शकत नाही. सरकारी बाकांवरचे हात एकदम वर होतात, दोरीला बांधल्यासारखे. माझा हात एक."

"मग सगळं व्यर्थ?"

"कलम पाडता येत नाही तेव्हा त्यात खिडकी पाडायची. त्याला दुरुस्ती म्हणतात." त्यांनी पेन्सिलने कागदाच्या कडेला उर्दूत लिहिलं: 'या'. मराठीत 'किंवा'. "लिहिता येणारा, किंवा ज्याच्या तोलाची ग्वाही गाव देईल असा. मुन्शीजी, सभागृहात मोठी भाषणं लोक विसरतात. राहतं ते हे. दोन अक्षरं."

गार्डने शिटी दिली.

"ग्वाहीचा पुरावा काय देऊ?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच पहिला, चुकीचा कागद वर धरला. "हा द्या. हाच पुरावा. कोणाचं मूठभर कमी तोललं नाही. त्याच्या बापानेही नाही."

गाडी गेली. नंतरचे दोनअडीच महिने मी कसे काढले, विचारू नका. जरीद्याचं टपाल आलं की सगळ्यांच्या आधी मीच ते फोडी.  डोंगरकड्याला मी गेलोच नाही. तोंड कोणतं दाखवणार?

मजलिसीत काय घडलं ते वकीलसाहेबांनी पुढे सांगितलं. कमिटीपुढे एकाच गावाचे दोन कागद आले. अध्यक्षांनी चिडून विचारलं, या गावाची हरकत आहे की नाही? वकीलसाहेबांनी मसुद्या आणि मसुदा यांची सगळी कथा सांगितली. सरकारी बाकांवरचा एक कडक अंमलदार धाकटीच्या लग्नाच्या ओळीशी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. हसू आवरल्यावर तो म्हणाला, घाला तो 'या'. दोरीतला एक हात वर झाला, तशी बाकीचे झाले. चांगली कलमं युक्तिवादाने तरतात असं मी समजत होतो. हे हसण्याने तरलं. अशा कारणाने किती बुडत असतील, हा विचार मला तेव्हापासून सुखाने झोपू देत नाही.

आषाढात जरीदा आला. मी उभ्यानेच सातवं कलम काढलं. ओळीवरून बोट फिरवलं. 'या' होता. बारीक, छपाईत थोडा पुसट, पण होता.

डोंगरकड्यात मी बाराही कलमं वाचली. नाटक केलं नाही. लोकांना कंटाळा आला, आणि मला त्याचं समाधान वाटलं. मसूदभाईने तराजूला पोतं लावलं, काटा स्थिर होईपर्यंत थांबला, आणि म्हणाला, "लाभ."

वकीलसाहेबांनी चुकीचा कागद मला परत पाठवला होता. "तुमच्या चुकीची सनद," असं त्यावर पेन्सिलने लिहून. मी तो ट्रंकेत ठेवला. हळदीचा रंग उन्हात उडतो, अंधारात टिकतो.

त्याला आता चारेक वर्षं झाली. औंदा भादव्यात निजामाचं राज्य गेलं. कचेरीला कुलूप पडलं. मुलूख मोकळा झाल्याचा आनंद मलाही झाला, तो लपवत नाही. पण त्या दिवसांत गावोगाव फिरणाऱ्या टोळ्याही मी पाहिल्या, आणि त्यांच्या तोंडी कोणाच्या घरांची चौकशी होती तीही ऐकली. मी ट्रंक उघडली, तो कागद घेतला आणि डोंगरकड्याला चालत गेलो. का गेलो, तिथे काय करणार होतो, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. काठ्या, कुऱ्हाडी. बहुतेक अनोळखी; दोघंतिघं ओळखीचे, ते जास्त वाईट. मसूदभाई आणि त्याची बायको केवळाबाईच्या घरात होती. केवळाबाई दाराच्या उंबऱ्यावर हळद निवडत बसली होती. पाटील, मास्तर आणि गावातले बरेच जण लिंबाखाली उभे.  

"तो तराजूवाला कुठाय?" त्यांच्यातला एक म्हणाला.

मी दगडावर चढलो. हा दगड मला सोडत नाही. कागद उघडला आणि भालदाराच्या आवाजात, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजात वाचलं:

"आम्ही डोंगरकड्याचे लोक लिहून देतो की, मसुद्यावर आमची काही हरकत नाही! तो फार चांगला आहे! त्याने आजवर कोणाचे मूठभर कमी तोलले नाही!"

"हे काय हाय?"

"कागद हाय," केवळाबाई उंबऱ्यावरून म्हणाली. "त्याच्यावर माझा अंगठा हाय. पाटलाचा हाय. समद्या गावाचा हाय. तुमची कोनाची हरकत असंल तर ल्हिऊन द्या. मुदत एक महिना."

कोणी हसलं नाही. त्या माणसाने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. पिवळ्या अंगठ्यांवरून त्याची नजर हळूहळू लिंबाखालच्या माणसांवर गेली. अंगठे आणि माणसं तो जणू मोजत होता. मग कागद माझ्या अंगावर टाकून ते लोक वाटेला लागले.

चुकीच्या ठिकाणी लिहिलेला कागद शेवटी बरोबर ठिकाणी वाचला गेला. पण प्रत्येक गावाजवळ असा कागद नव्हता, आणि प्रत्येक गावाला माझ्यासारखा चुकणारा मुन्शी मिळाला नव्हता.

परवा दसऱ्यानंतर डोंगरकड्याला गेलो. तराजू लटकत होता. मसूदभाईने मला पोत्यावर बसवलं, चहा मागवला. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं.

"काय म्हनते कागद?"

"दिल्लीत सगळ्या देशाचा मोठा कायदा करताहेत. मोठी सभा बसली आहे. आत्ता त्याचा..." मी अडखळलो. "त्याचा कच्चा खर्डा झालाय. आता एकेक कलम वाचणार आहेत."

तो डोळे बारीक करून हसला. "म्हना, म्हना, मसुदा म्हना. आता डर न्हाई." मग त्याने पारड्यात पुढचं पोतं लावलं. "मुन्शीजी, सभेत बसायला मानसं कोन निवडणार? ल्हिता-वाचता येनारेच का?"

"नाही. तसं कलम नाही. वयात आलेला प्रत्येकजण. बाया, पुरुष. अंगठेवालेसुद्धा."

"केवळाबाई बी?"

"केवळाबाई बी."

"मी बी?"

"तुम्ही बी, मसूदभाई."

काटा थरथरत होता. तो स्थिर होईपर्यंत मसूदभाई नेहमीसारखाच काही बोलला नाही. मग त्याने पोत्यावर थाप मारली.

"मंग दिल्लीला कळवा," तो म्हणाला. "त्या मसुद्यावर ह्या मसुद्याची काई हरकत न्हाई."